ग्रीक वारसा आणि ‘काव्यशास्त्रा’चा प्रवास

प्राचीन ग्रीक संस्कृतीच्या प्रभावाचे वर्णन साधारणतः अखंड वारशाच्या भाषेत केले जाते. अथेन्समध्ये उगम पावलेला विचारप्रवाह रोममार्गे युरोपात आणि तेथून जगभर पोहोचला, अशी ही मांडणी आहे. अॅरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’चा इतिहास पाहता ती अपुरी ठरते.

मुळात ग्रीक संस्कृतीचा विकासही खंड आणि स्वीकार यांतूनच झाला. इ. स. पू. १२००च्या सुमारास मायसिनीची राजवाडाकेंद्रित व्यवस्था कोसळली आणि तिच्याबरोबर ‘लिनिअर बी’ ही लिपीही लोपली. पुढे इ. स. पू. आठव्या शतकाच्या सुमारास ग्रीकांनी फिनिशियन वर्णमाला स्वीकारून तिच्यातील काही व्यंजनचिन्हे स्वरांसाठी योजली. मौखिक परंपरेत घडलेली होमरची महाकाव्ये या लिपीमुळे ग्रंथबद्ध झाली. महाकाव्यपरंपरेतील कथांना अथेन्सच्या रंगभूमीने नवे रूप दिले. डायोनिससच्या उत्सवातील स्पर्धेत सादर होणारी शोकात्मिका ही धर्मविधीचा भाग होती, तसाच नगरराज्याचा सार्वजनिक व्यवहारही.

अॅरिस्टॉटलच्या (इ. स. पू. ३८४–३२२) विवेचनात मात्र उत्सव, देवता व नगरराज्य यांना गौण स्थान आहे. त्याचा भर कथानक, अनुकृती आणि परिणाम यांवर आहे. शोकात्मिकेचा परिणाम केवळ वाचनानेही साधतो, असे तो मानतो. या अलिप्त दृष्टीमुळेच शोकात्मिकेची संकल्पना आपल्या भूमीपासून सुटी होऊन अन्य भाषांत जाऊ शकली.

दहाव्या शतकात अबू बिश्र मत्ता याने हा ग्रंथ सिरियाकमधून अरबीत आणला. तत्कालीन अरबी वाङ्मयव्यवस्थेत नाटक हा प्रस्थापित प्रकार नसल्याने शोकात्मिकेसाठी स्तुतिकाव्य व सुखात्मिकेसाठी निंदाकाव्य या संज्ञा योजल्या गेल्या. बाराव्या शतकात इब्न रश्दने त्यांच्याच आधारे, अरबी कवितेतील उदाहरणे घेऊन भाष्य रचले. १२५६मध्ये टोलेडो येथे या भाष्याचे लॅटिन रूपांतर झाले. १२७८मध्ये मोर्बेकच्या विल्यमने थेट ग्रीकवरून केलेले भाषांतर मात्र जवळजवळ दुर्लक्षित राहिले. म्हणजे मध्ययुगीन युरोपला आपला तथाकथित वारसा प्रामुख्याने अरबी वाचनातून भेटला. प्रबोधनकाळात मूळ संहिता छापली गेल्यावरही अर्थांतरे थांबली नाहीत. कास्तेलवेत्रोने १५७०मध्ये मांडलेल्या तीन ऐक्यांपैकी स्थलैक्याचा नियम अॅरिस्टॉटलने कोठेही सांगितलेला नाही. तरीही फ्रेंच अभिजात रंगभूमीने तो प्रमाण मानला.

मराठीत विंदा करंदीकर यांचे ‘अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ १९५७मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी समीक्षेत ‘कॅथार्सिस’साठी रूढ झालेला ‘विरेचन’ हा शब्द आयुर्वेदातील आहे. ‘शुद्धी’ऐवजी तो निवडताच अर्थ वैद्यकीय उपपत्तीकडे झुकतो, ही उपपत्ती याकोब बर्नाइसने १८५७मध्ये जर्मनीत मांडली होती. प्रतिशब्दाच्या निवडीतच येथे भाष्य दडलेले आहे.

तौलनिक अभ्यासात याचे महत्त्व विशेष आहे. संस्कृत नाट्यपरंपरेत शोकात्मिका का नाही, हा प्रश्न वारंवार विचारला गेला आहे. तो विचारताना एका नगरराज्याच्या उत्सवात जन्मलेला आणि अनेक भाषांतरांतून बदलत आलेला प्रकार सार्वत्रिक निकष म्हणून गृहीत धरला जातो. ग्रीक प्रभावाची चिरंतनता अशा निकषात नसून, प्रत्येक भाषेला आपल्या वाङ्मयीन संज्ञा नव्याने तपासावयास लावण्याच्या त्याच्या सामर्थ्यात आहे.