पडद्यामागचा स्वरकार : बर्ट केम्पफर्ट

'स्ट्रेंजर्स इन द नाइट' म्हटले की फ्रँक सिनाट्रा आठवतो. ती चाल हॅम्बुर्गच्या बर्ट केम्पफर्टची, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१९२३ साली हॅम्बुर्गमध्ये जन्मलेला केम्पफर्ट तेथील संगीतशाळेतच शिकला. पियानो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, अकॉर्डियन ही वाद्ये त्याला येत. महायुद्धात तो लष्करी वाद्यवृंदात होता. नंतर डेन्मार्कमध्ये युद्धकैदी झाला. सुटका झाल्यावर त्याचे श्रोते कोण, तर कालचे शत्रू, म्हणजे दोस्त राष्ट्रांचे सैनिक! अमेरिकनांच्या आवडीची नस त्याला तेथेच सापडली असावी.

पुढे पॉलिडोर कंपनीत तो वाद्यवृंदाचा संयोजक व निर्माता झाला. 'वंडरलँड बाय नाइट' ही मूळ चाल क्लाउस-ग्युंटर नॉयमान याची. केम्पफर्टने तिला रूप दिले. वर चार्ली टाबोरचा एकाकी ट्रंपेट, मागे तंतुवाद्ये आणि शब्दहीन समूहस्वर, तळाशी लाडी गाइस्लरची बास गिटार. गाइस्लर ती बोटांनी नव्हे, नखीने छेडी. प्रत्येक स्वर तुटक, कडक उमटे. तालाला धक्का देणारा हा तडतडता नाद म्हणजे जणू केम्पफर्टची सहीच. जर्मनीत कंपनीला या तबकडीचे अप्रूप वाटले नाही. न्यूयॉर्कच्या डेक्का कंपनीतील मिल्ट गॅबलरने ती उचलली आणि जानेवारी १९६१ मध्ये ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. संयोजन हे दुय्यम काम नव्हे, याला याहून वेगळा पुरावा तो कोणता?

त्याच वर्षी जून महिन्यात त्याने हॅम्बुर्गमध्ये गायक टोनी शेरिडनचे ध्वनिमुद्रण केले. साथीला लिव्हरपूलची काही पोरे होती, तीच बीटल्स. १९६२ साली ब्रायन एप्स्टाइनच्या विनंतीवरून त्याने त्यांना करारातून मोकळे केले. याला कोणी व्यवहारशून्यता म्हणतात. पण त्याचे लक्ष मुळातच निराळ्या संगीताकडे होते.

त्याच्या चाली बहुधा शब्दांवाचून जन्मत. शब्द मागून येत. 'मून ओव्हर नेपल्स' ही १९६५ ची वाद्यरचना शब्द मिळताच 'स्पॅनिश आइज' झाली. इटलीचा चंद्र स्पेनच्या डोळ्यांत उतरला! 'स्ट्रेंजर्स' ही तर एका चित्रपटाच्या पार्श्वसंगीतातली चाल; जुलै १९६६ मध्ये सिनाट्राच्या आवाजात ती अमेरिकेत अग्रस्थानी गेली.

केम्पफर्टचे खरे घर ध्वनिमुद्रणगृह. तरीही १९७४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने आपला वाद्यवृंद श्रोत्यांसमोर उभा केला. जून १९८० मध्ये मायोर्का बेटावर, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.