आलेख आठ, कोअर चार

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा अमरावती-अकोल्यात दिवसभर संगणक चालवणाऱ्याची नजर चिपच्या तापमानाकडे जातेच. खोलीची हवा जितकी तापते, साधारण तितकीच चिपही जास्त तापते. पण चार कोअरच्या नेहमीच्या चिपवर कामाचे आलेख दिसतात आठ आणि तापमानाचे आकडे चार. तापलेला आकडा नेमका कोणत्या आलेखांचा?

आठ आहेत ते थ्रेड. इंटेलनं २००२ मध्ये हायपर-थ्रेडिंग आणलं आणि एकच कोअर ऑपरेटिंग सिस्टीमला दोन प्रोसेसर म्हणून दिसू लागला. जिनिंगमध्ये एका यंत्रावर दोन मजूर कापूस टाकत असले, तर एक वाकलेला असताना दुसऱ्याचा हात चालू राहतो. यंत्र मात्र एकच. तसंच इथं, मेमरीतून माहिती येईपर्यंत एक थ्रेड थांबला की दुसरा तोच कोअर वापरतो. यासाठी चिपचा आकार ५ टक्क्यांहून कमी वाढला. सर्व्हरच्या कामात इंटेलनं सांगितलेला फायदा ३० टक्क्यांपर्यंतचा होता, दुप्पट नव्हे.

म्हणून ‘५० टक्के वापर’ या आकड्यावर विसंबू नये, असं मला कळकळीनं वाटतं. चार जड कामं चार कोअरवर एकेक बसली तरी ५० टक्केच दिसतात, आणि शिल्लक ताकद अर्ध्याहून कितीतरी कमी असते. तीच चार कामं दोनच कोअरवर कोंबली गेली तरीही ५० टक्केच! तेव्हा दोन कोअर भाजत असतात, दोन रिकामे असतात.

कोणते दोन आलेख एकाच कोअरचे, हे ओळखायला जोड्या लावाव्या लागतात. विंडोजमध्ये सहसा ० आणि १ एका कोअरचे असतात. लिनक्सवर अशा अनेक इंटेल यंत्रांत ० चा जोडीदार ४ असतो. तिथं ‘एलएससीपीयू -ई’ ही आज्ञा दिली की तक्ता येतो. कोअरचा क्रमांक सारखा, ती जोडी.

मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्यातला प्रत्येक प्रोसेसर, म्हणजे ट्रान्सप्युटर, वेगळी चिप होता, त्यामुळे जोड्या लावण्याचा हा प्रश्नच नव्हता. आता तो उलट वाढलाय. इंटेलच्या बाराव्या पिढीतल्या आय७-१२७०० मध्ये कोअर १२, थ्रेड २०: आठ मोठ्या कोअरना दोन-दोन, चार लहानांना एकेक. दोननं भागून तिथं उत्तर मिळत नाही, तक्ताच बघावा लागतो.