माळढोक वाचवायचा तर शाळेत आधी ‘माळ’ शिकवा

शाळेत पर्यावरणाचा तास म्हटला की फळ्यावर वाघ येतो, आणि उपक्रम ठरलेला : झाडे लावा. पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले. पण सोलापूरच्या विद्यार्थ्याला आपल्याच जिल्ह्यातला माळढोक कितपत माहीत असतो?

नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ चे. आज हा पक्षी तिथे क्वचितच दिसतो. जगात जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात.

झाडांशी काय वैर?

माळढोक जंगलात राहत नाही. त्याला मोकळे, गवताळ माळरान लागते. मीटरभर उंचीचा हा पक्षी दूरवर नजर ठेवून जगतो. नाकतोडे, बिया, बोरे खातो. अशा माळावर दाट झाडी लावली, की त्याचे घरच जाते. कागदोपत्री मात्र माळ म्हणजे ‘पडीक’! त्यामुळे तिथे वृक्षारोपण, सौर प्रकल्प, एमआयडीसी, काहीही चालते. मुलांच्या डोक्यातून हा ‘पडीक’ शब्द काढणे, हेच खरे तर शिक्षकांचे पहिले काम.

वर्गात काय करता येईल?

दोन्ही तळहात जोडून नाकासमोर उभे धरायला सांगा. बाजूचे दिसते, समोरचे झाकते. माळढोकचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला समोरचे साधारण असेच कमी दिसते. विजेची तार दिसेपर्यंत उशीर होतो आणि नराचे वजन १०-१५ किलोपर्यंत, त्यामुळे झटकन वळताही येत नाही. तारांना धडकून हे पक्षी का मरतात, हे मग वेगळे समजावावे लागत नाही.

पावसाळ्यानंतर माळावर एक मीटरचा चौकोन आखून त्यातले गवताचे प्रकार आणि किडे मोजायला लावा. गावातल्या मेंढपाळांना, आजी-आजोबांना विचारू द्या : माळढोक शेवटचा कधी पाहिला? तणमोर, लांडगा, खोकड? पुस्तकात नसलेली माहिती इथे मिळते.

एक पथ्य मात्र पाळा. घरटे दाखवायला मुलांना नेऊ नका. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. माणसांच्या वावराने ती उठली, की कावळे आणि भटकी कुत्री अंड्यापर्यंत सहज पोहोचतात.