शेजारच्या टाकीत काय आहे?

स्वयंपाकघरात सिलिंडरचा गॅस सुटला की नाक लगेच सांगतं, काहीतरी बिनसलंय. मग आपण दिवा लावत नाही, बटणाला हात लावत नाही. आधी रेग्युलेटर बंद, मग खिडक्या उघड्या. हे शिक्षण कुणाला आईकडून मिळालेलं असतं, कुणाला सासूबाईंकडून. गंमत म्हणजे या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. गळती घरात वावरणाऱ्या माणसाला कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं.

घरातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरची आपण एवढी काळजी घेतो. पण घरापासून अर्ध्या किलोमीटरवरच्या कारखान्यात टनावारी रसायन साठवलेलं असेल, तर त्याचं नाव तरी आपल्याला ठाऊक असतं का? डोंबिवली, अंबरनाथ, तारापूर, तळोजे, महाड, लोटे, कुरकुंभ... कितीतरी गावांत एमआयडीसीची भिंत आणि राहती घरं एकमेकांना खेटून आहेत. रात्री वास येतो, डोळे चुरचुरतात, गॅलरीतल्या कपड्यांवर काळे ठिपके पडतात. आपण खिडकी लावून घेतो आणि म्हणतो, ‘आज पुन्हा सोडलं वाटतं!’ काय सोडलं, ते मात्र विचारत नाही.

हे विचारण्याचा हक्क आपल्याला कायद्यानं दिला आहे. फार मोठी किंमत मोजल्यावर मिळालेला हक्क आहे तो.

भोपाळची ती रात्र

२ आणि ३ डिसेंबर १९८४ यांच्यामधली रात्र. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. शेजारच्या वस्त्यांतले लोक झोपेतून उठले ते डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग घेऊनच. कुणीतरी मिरच्या जाळतंय, असं अनेकांना वाटलं. मुलांना कडेवर घेऊन लोक वाट फुटेल तिकडे धावत सुटले आणि कित्येक जण वायू ज्या दिशेने जात होता त्याच दिशेला धावले. वस्तीसाठीचा भोंगा वाजायला लागून थोड्याच वेळात बंद झाला होता. तो पुन्हा वाजला तोवर उशीर झालेला होता. इस्पितळात माणसं येत होती, पण हे विष कोणतं आणि त्यावर उपचार काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. हजारो माणसं गेली.

नाकातोंडावर ओलं फडकं धरा, वाऱ्याच्या आडव्या दिशेनं दूर जा. एवढी दोन वाक्यं आधी कुणी सांगितली असती, तर त्यातले कितीतरी जीव वाचले असते. फडकं आणि पाणी काय, प्रत्येक घरात होतंच. नव्हती ती माहिती.

कायदा काय म्हणतो?

भोपाळनंतर जगाला जाग आली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८५ मध्ये, याच कंपनीच्या अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातील कारखान्यात गळती झाली आणि शंभराहून अधिक लोकांना इस्पितळात न्यावं लागलं. १९८६ मध्ये अमेरिकेनं ‘लोकांना जाणून घेण्याचा हक्क’ देणारा कायदा केला. कोणत्या कारखान्यात कोणतं रसायन किती आहे, याचा हिशेब दरवर्षी देणं त्यानं बंधनकारक झालं.

आपल्याकडेही १९८६ मध्येच पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यानं त्यातले धोके कामगारांना, स्थानिक प्रशासनाला आणि आसपासच्या जनतेला सांगायलाच हवेत, असं तिनं ठरवलं. आता या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही ही जबाबदारी कायम आहे.

१९८९ चे घातक रसायनांविषयीचे नियम तर आणखी स्पष्ट आहेत. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घातक रसायन बाळगणाऱ्या कारखान्याकडे आतल्या अपघातासाठी आराखडा हवा आणि दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम हवी. कुंपणाबाहेरच्या वस्तीसाठी वेगळा आराखडा हवा, त्याची तालीम वर्षातून एकदा तरी हवी. मोठा अपघात झाला तर ४८ तासांत कळवायला हवं. आणि आपल्या कामाचं कलम म्हणजे, अपघाताची झळ ज्यांना पोहोचू शकते त्या लोकांना धोका कोणता, त्या वेळी काय करायचं आणि काय करायचं नाही, हे आधीच सांगून ठेवायला हवं.

१९९६ मध्ये आणखी एक पाऊल पडलं. केंद्रापासून औद्योगिक वसाहतीपर्यंत आपत्ती गट नेमायचे ठरले. स्थानिक गटात अधिकारी, अग्निशमन दल आणि पोलिस यांच्याबरोबर डॉक्टर, सामाजिक कार्यकर्ते, स्वयंसेवी संस्थेचा माणूस, सरपंच किंवा वस्तीचा प्रतिनिधी, इतकंच काय, स्थानिक वृत्तपत्राचा संपादकही असावा, असं नियम सांगतात. या गटानं दर महिन्याला बैठक घ्यायची असते. आता सांगा, तुमच्या भागातल्या गटाचं नाव तरी कधी कानावर आलंय?

कागदावरचा भोंगा

७ मे २०२०. विशाखापट्टणमजवळच्या आर. आर. वेंकटपुरम गावात पहाटे एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरिनची वाफ पसरली. १२ माणसं दगावली, शेकडो इस्पितळात गेली. कारखान्यात भोंगा होता, पण तो वाजवलाच गेला नाही, असं राज्य सरकारच्या चौकशी समितीनं म्हटलं. भोपाळला ३५ वर्षं उलटून गेली होती.

डोंबिवलीत तर मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये असे दोन मोठे स्फोट झाले. दोन्ही वेळा माणसं गेली, दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. त्या वेळी घरात कोण होतं? दुपारच्या वेळी असतात त्याच. घरातल्या बायका, म्हाताऱ्या सासूबाई, पाळण्यातलं मूल, कामाला आलेल्या मावशी.

‘माहिती दिली तर लोक उगाच घाबरतील,’ असं नेहमी सांगितलं जातं. पण घबराट तर माहिती नसल्यानंच होते. दुसरी भीती जास्त खरी आहे. नवरा त्याच कारखान्यात असतो, दीर तिथेच रोजंदारीवर जातो. विचारलं आणि कारखानाच बंद पडला तर? चूल कशी पेटायची? ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण टाकीत काय आहे आणि भोंगा वाजला तर कुठे जायचं, एवढं विचारल्यानं कुठलाही कारखाना बंद पडत नाही. उलट सगळ्यात आधी जीव जातो तो आत काम करणाऱ्याचा, म्हणजे आपल्याच माणसाचा.

भोपाळच्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांचं उदाहरण बघा. दोघीही वायुपीडित, घरच्या माणसांना गमावलेल्या, हाती फारसं शिक्षण नाही. तरी त्यांनी बायकांची संघटना बांधली, मोर्चे काढले, कंपनीला जाब विचारला. २००४ मध्ये त्यांना पर्यावरणासाठीचं गोल्डमन पारितोषिक मिळालं. त्या पैशातून त्यांनी वायुपीडितांच्या अपंग मुलांसाठी ‘चिंगारी’ ट्रस्ट सुरू केला.

आपण काय करू शकतो?

आधी घरातलं. वायूचा वास आला किंवा भोंगा वाजला तर दारं-खिडक्या लावा, एसी आणि एक्झॉस्ट पंखा बंद करा, फटींत ओले टॉवेल कोंबा, नाकातोंडावर ओलं फडकं धरा. बाहेर पडायची सूचना मिळाली तर झेंडा किंवा झाडाची फांदी बघून वारा कुठून येतोय ते ओळखा आणि त्याला आडवे चाला. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तो सखल भागात साचतो. तेव्हा तळघरात उतरू नका, वरच्या मजल्यावर जा. हा क्लोरीन पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांतही वापरतात, आणि बर्फाच्या कारखान्यात अमोनिया असतो. म्हणजे एमआयडीसीपासून लांब राहणारीनंही हे लक्षात ठेवायला हवं. रस्त्यावर टँकर उलटला तर त्याच्या पाटीवरचा चार आकडी क्रमांक लांबूनच वाचा आणि अग्निशमन दलाला सांगा. १२०३ म्हणजे पेट्रोल, १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन. फोनवर एवढं सांगितलं तरी त्यांचं निम्मं काम सोपं होतं.

मग घराबाहेरचं. महिला मंडळाच्या, बचत गटाच्या किंवा सोसायटीच्या बैठकीत हा विषय घ्या. जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला चार प्रश्न लेखी विचारा. आमच्या भागात अतिधोकादायक कारखाने कोणते? वस्तीसाठीचा आराखडा कुठे बघायला मिळेल? त्याची शेवटची तालीम कधी झाली? स्थानिक आपत्ती गटात आमच्या वस्तीतर्फे कोण आहे? उत्तर आलं नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

वस्तीतर्फे गटात कुणीच नाही असं उत्तर आलं, तर दुसरं पत्र लगेच लिहा. त्यात आपल्यातल्याच एखादीचं नाव सुचवा.