आधी सांग, मागे पोती किती?

लाखनीच्या हायवेवर गाड्या खोलता खोलता माझे केस पांढरे झाले. तेव्हा या रस्त्याचा नंबर सहा होता, आता त्रेपन्न आहे. पोरं विचारतात, "काका, पद्मिनी भारी की मारुती ८००?" मी म्हणतो, आधी सांग, मागे पोती किती टाकणार?

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनं ती कुर्ल्यात बनवली. पद्मिनी हे नाव १९७४ चं. इंजिन १०८९ सीसीचं, पुढे. पण जोर लांब शाफ्टमधून मागच्या चाकांना. मागे पाटे. धानाची पोती लादली की ती चाकं जमीन आणखी घट्ट धरतात. गिअरचा दांडा स्टीअरिंगपाशी, त्यामुळे सलग सीट असली तर पुढे तिघं बसायचे, मांडीवरचं पोर वेगळं.

८०० आली डिसेंबर १९८३ मध्ये. पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हातून दिली गेली, पण मला ओढ इंजिनाची. ७९६ सीसी, तीनच सिलिंडर, आडवं बसवलेलं, आणि जोर थेट पुढच्या चाकांना. लांब शाफ्टची गरजच उरली नाही. वजनही पद्मिनीपेक्षा दोन क्विंटलहून कमी, म्हणून एवढ्याशा इंजिनावर पळते आणि पेट्रोलही कमी पिते. मात्र मागे वजन पडलं की पुढचा भाग हलका होतो. रोवणीच्या दिवसांत बांधीकडच्या चिखलात चाकं जागीच गरगरतात.

आणि आमचा मे महिना! पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच लागून. तो तापला की आत पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफ ओढतो, गाडी बंद. बोनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं, चहा घेऊन यायचं. ८०० लाही आधी कारबोरेटरच होता. पुढे इंजेक्शन आलं, पंप टाकीत गेला, पेट्रोल दाबाखाली राहू लागलं. मग फडक्याचं काम संपलं.

मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सीला वीस वर्षांची मुदत होती. शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरात उतरली. ८०० चं उत्पादन २०१४ लाच थांबलं.

रोज चालवायला जुनी गाडी हवी असेल तर ८०० घ्या, मी दुसरं काही सांगणार नाही. शिकाऊ पोराला मात्र मी पद्मिनीच खोलायला देतो. पॉइंटची फट, कारबोरेटरची सुई, शाफ्टचा क्रॉस, सगळं हाताला लागतं. स्कॅनर नंतर.