पॅनोरमा रूट : कडा, दरी आणि दोन नद्यांची नावं

आजच्या भागात आपण दक्षिण आफ्रिकेच्या म्पुमलांगा प्रांतात जाणार आहोत. जोहान्सबर्गहून गाडीने साधारण पाच तासांवर ग्रास्कॉप हे छोटं गाव आहे. आदल्या रात्री तिथे मुक्काम करा आणि दुसरा अख्खा दिवस ‘पॅनोरमा रूट’ला द्या. गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डावीकडून चालतात.

नवीन मुलखात गेलं की आधी जमिनीची ठेवण समजून घ्यायची, ही फौजेतली सवय. इथली ठेवण सह्याद्री पाहिलेल्या माणसाला लगेच उमगते. वर पठार, मग एकदम तुटलेला कडा, खाली सखल प्रदेश. गोंडवन हा प्राचीन महाखंड फुटत गेला, तेव्हा त्याच्या नव्या किनाऱ्यांच्या मागे असे कडे तयार झाले. सह्याद्रीचा कडा पश्चिमेला कोकणाकडे पाहतो, तर ड्रॅकन्सबर्गचा हा भाग पूर्वेला. आपला दगड लाव्हारसाचा. इथला वालुकाश्म आणि क्वार्टझाइट त्याहून कितीतरी जुना.

सकाळी पहिला थांबा ‘गॉड्स विंडो’. इथून जमीन सातशे मीटरहून जास्त खाली जाते आणि नजर क्रूगर अभयारण्याच्या दिशेने धावते. ‘द गॉड्स मस्ट बी क्रेझी’मधला नायक शेवटी बाटली फेकतो, ती इथूनच. समुद्राकडून येणारी दमट हवा कड्याला अडून वर चढते, म्हणून इथे धुकं फार. कोकणकड्यावरही हेच होतं. काही दिसत नसेल, तर चिडू नका. जवळचे लिस्बन आणि बर्लिन धबधबे पाहा आणि परत या. मे ते ऑगस्ट हा कोरडा हिवाळा. तेव्हा आकाश मोकळं मिळण्याची शक्यता जास्त.

दुपारी ‘बर्क्स लक पॉटहोल्स’. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरत खडक कोरतात आणि रांजणासारखे खोल खड्डे पडतात. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिले असतील, तर हे वेगळं सांगायला नको. टॉम बर्क हा सोनं शोधणारा. नाव त्याचं, सोनं मात्र इतरांना मिळालं.

इथे ट्रर आणि ब्लायड या नद्या भेटतात. डच वंशाच्या स्थलांतरितांच्या भाषेत ट्रर म्हणजे शोक, ब्लायड म्हणजे आनंद. १८४० च्या दशकात हेंड्रिक पोटगीटर काही सोबत्यांना घेऊन समुद्राची वाट शोधायला गेला. मागे राहिलेल्यांनी ठरलेल्या मुदतीपलीकडे वाट पाहिली. माणसं गेली असं समजून त्यांनी मुक्कामाजवळच्या नदीला शोकाचं नाव दिलं. पुढे दुसऱ्या नदीपाशी गेलेले सुखरूप भेटले, तिचं नाव आनंद. फौजी घरात वाढलेल्या कुणालाही ही नावं समजावून सांगावी लागत नाहीत.

दुपार कलली की ‘थ्री रॉन्डाव्हल्स’ गाठा. मावळतीकडचं ऊन समोरच्या कड्यावर पडतं आणि दगड तांबूस उजळतो. ब्लायड नदीची ही दरी सुमारे २६ किलोमीटर लांब, सरासरी साडेसातशे मीटर खोल आणि हिरवीगार. समोरची तीन शिखरं गोल झोपड्यांसारखी दिसतात, म्हणून हे नाव. पण स्थानिक पुलाना लोकांची ओळख जुनी आहे. शेजारचं सपाट माथ्याचं शिखर म्हणजे त्यांचा राजा मारिपी माशिले आणि ही तीन त्याच्या राण्या. एकोणिसाव्या शतकात स्वाझी फौज चालून आली, तेव्हा मारिपीच्या माणसांनी उंच डोंगराचा आसरा घेतला आणि वरून दगड लोटून हल्ला परतवला. गडावरून धोंडे लोटण्याची युक्ती मराठी माणसाला नवीन नाही.

म्हणून सांगतो, प्रत्येक ठिकाणी फोटो काढण्याआधी नाव कुणी ठेवलं ते विचारा. पाहणारा, वाट पाहणारा आणि लढणारा, तिघांनी एकाच मुलखात वेगवेगळी नावं दिली आहेत.

हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो. घाटरस्ता अंधारात नको, उजेडातच ग्रास्कॉपला परता.