मनाचे आरोग्य : मदत आधी पोहोचली पाहिजे

अंगात ताप भरला की आपण दवाखाना गाठतो. मोतीबिंदूचे शिबिर भरले तर आजोबांचा हात धरून नेतो. परंतु घरातला कर्ता माणूस महिना महिना धड झोपत नाही, कोणाशी बोलत नाही, भरल्या ताटावरून उठून जातो, तेव्हा मात्र "आताशा त्याचा स्वभावच तसा झाला" म्हणून आपण सोडून देतो. नाहीतर बाहेरची बाधा समजून देवऋषी शोधतो. मनही आजारी पडते आणि त्यावर उपचार आहेत, ही गोष्ट आपल्यात अजून रुजलेली नाही. समाजबांधवांना व विद्यार्थ्यांना त्याची माहिती व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

आपला वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. कापूस, सोयाबीन, तूर ही मुख्य पिके आणि सगळी भिस्त पावसावर. शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारने २००६ साली ३७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वर्धा यांच्यासोबत वाशिमही होता. आत्महत्याग्रस्त पात्र कुटुंबास एक लाख रुपये देण्याचे राज्य शासनाचे धोरणही त्याच सुमारास आले. ही मदत आवश्यकच आहे. पण ती माणूस गेल्यावर मिळते. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माझ्यासारख्याला कर्जखात्यावर थकबाकीचा आकडा दिसतो. त्या आकड्यामागची उडालेली झोप दिसत नाही. माणूस जिवंत असताना "तुला झोप लागते का?" हे त्याला कोणी विचारायचे, हा खरा प्रश्न आहे.

धोरणे नव्हती असे नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालीच आला. त्यापूर्वी मनोरुग्ण म्हटला की ठाणे, पुणे, नागपूर किंवा रत्नागिरीचे मनोरुग्णालय, हीच समजूत होती. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांचे डॉक्टर व कर्मचारी यांना प्रशिक्षण दिले आणि नेहमीच्या मानसिक आजारांवर तिथेच उपचार होऊ शकतात हे दाखवून दिले. त्याच धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला.

तरीही निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असे आढळले, की आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविनाच राहतात. लाज आणि अज्ञान ही त्याची कारणे आहेतच. पण अंतर हेही मोठे कारण आहे. मानोरा किंवा रिसोड तालुक्यातल्या मजुराला मोठ्या शहरातल्या डॉक्टरकडे जायचे तर त्याची मजुरी बुडते, बसभाडे लागते, सोबतच्या माणसाचाही दिवस जातो. एकदा गेलेला माणूस दुसऱ्यांदा जात नाही. नैराश्यावरील औषधाचा गुण यायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. तेवढ्यात तो "फरक नाही" म्हणून गोळ्या सोडून देतो.

सेवा जवळ आली तर काय घडते, हे शेजारच्या अमरावती जिल्ह्याने दाखवले आहे. तेथील ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावपातळीवरचे प्रशिक्षित कार्यकर्ते, त्यांच्या पाठीशी समुपदेशक, आणि गरज पडेल तेथे मनोविकारतज्ज्ञ, अशी त्याची रचना होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते. अठरा महिन्यांनी ते २७.२ टक्के झाले. ही पाहणी २०१७ साली 'लॅन्सेट सायकिॲट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

राज्य शासनाने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात वाशिम आहे. आशाताईंनी घरोघरी जाऊन प्रश्न विचारायचे, ताण दिसला तर पुढे पाठवायचे, अशी त्याची पद्धत. आशाताई, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय अशा या पायऱ्या आहेत. २०२४ मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. शिवाय ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते. परीक्षेच्या ताणाने खचलेल्या विद्यार्थ्यांनीही हा क्रमांक लिहून ठेवावा.

पुष्कळ कुटुंबे आत्महत्येचा प्रयत्न पोलिसांच्या भीतीने लपवतात आणि रुग्ण उपचाराविना राहतो. २०१७ च्या कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले असून तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिलेले नाही. म्हणून न लपवता दवाखान्यात न्यावे.

आता आपण काय करावे? सलग दोन आठवडे उदासी, झोप न लागणे, कामात मन नसणे, "मी सर्वांना भार झालो" असे बोलणे, ही लक्षणे ओळखावीत. मरणाचे विचार येतात का, हे आपुलकीने सरळ विचारावे; विचारल्याने ते वाढत नाहीत, उलट मन मोकळे होते. फवारणीचे औषध घरात उघडे न ठेवता कुलपात ठेवावे, कारण अनेकदा ती घातक वेळ थोडीच असते आणि ती टळली तर जीव वाचतो. पहिल्या तपासणीला रुग्णाला एकटे न पाठवता कोणीतरी सोबत जावे.

संस्थेनेही विहारात महिन्यातून एकदा आशाताई व समुपदेशकांना बोलवावे. ग्रामसभेत व गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीत दोन मागण्या लावून धराव्यात : प्राथमिक आरोग्य केंद्रात मानसिक आजारांची औषधे अखंड मिळावीत, आणि प्रत्येक तालुक्यात मनोविकारतज्ज्ञाचा दिवस ठरवून तो फलकावर लिहिला जावा. कायद्याने हक्क दिला आहे. तो मागणारी माणसे गावोगावी उभी राहिली, तरच मदत माणूस जाण्याआधी त्याच्या दारी पोहोचेल.